गाण्यांचे टॅग नीट केले तरी पुन्हा 'अननोन आर्टिस्ट': घोळ नेमका कुठे असतो

तक्रार साधारण अशी असते. संगणकावर गाण्याचं नाव, गायक, अल्बम सगळं व्यवस्थित भरलं, सेव्ह केलं, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला तरी नीट दिसतंय. तीच फाइल फोनवर गेली की एका अल्बमचे पाच-सहा तुकडे झालेले, गायकाच्या जागी 'अननोन आर्टिस्ट', नाहीतर मराठी नावाच्या जागी भलतीच चिन्हं. पुन्हा दुरुस्त करा, थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

यात टॅग (फाइलच्या आतच साठवलेली ही नाव-गायक-अल्बमची माहिती) 'पुन्हा बिघडले' असं क्वचितच झालेलं असतं. तुम्ही सुधारलेला टॅग जागच्या जागी असतो, प्लेयर मात्र दुसरीकडून जुनीच माहिती वाचत असतो. त्यामुळे पहिला प्रश्न 'टॅग कसा सुधारू' हा नाही. प्लेयर नेमकं कुठून वाचतोय, ते आधी शोधायचं. ते कळलं की उरलेलं काम वेळखाऊ असलं तरी अवघड नाही.

फाइल चुकतेय की प्लेयर?

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. घोळ दिसणारं एकच गाणं घ्या. फोनवरच दिसत असेल तर फोनवरचीच प्रत घ्या, संगणकावरची नको; हे फार जण चुकवतात. त्या फाइलचं नाव बदलून ती एका नव्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ज्या प्रोग्रामने ती कधीच वाजवलेली नाही त्यात उघडा. संगणकावर व्हीएलसी असेल तर 'टूल्स'मध्ये 'मीडिया इन्फर्मेशन' आहे, ते पुरतं.

तिथे माहिती बरोबर दिसली तर फाइल ठीक आहे आणि दोष प्लेयरने स्वतःसाठी साठवलेल्या नोंदीत आहे. तिथेही चूक दिसली तर फाइलच्या आत बघावं लागेल. आणि फोनवरच्या प्रतीत चूक, संगणकावरच्या प्रतीत बरोबर असं निघालं, तर सुधारलेली फाइल फोनपर्यंत पोचलेलीच नाही. हा तिसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आढळतो.

एका फाइलमध्ये दोन-तीन टॅग

एमपीथ्री फाइलला टॅगसाठी एकच जागा असते असं आपण धरून चालतो. तसं नाही. १९९६ साली आलेला पहिला आयडीथ्री टॅग फाइलच्या अगदी शेवटी बसतो आणि एकूण १२८ बाइटचा असतो. त्यात गाण्याचं नाव, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट. पुढे आलेला आयडीथ्री २ हा फाइलच्या सुरुवातीला बसतो. याशिवाय एपीई नावाचा तिसरा प्रकार आहे. आवाजाची पातळी सारखी करणारा एमपीथ्री-गेन स्वतःच्या नोंदी त्यात लिहितो, तुम्हाला न विचारता. तिन्ही एकाच फाइलमध्ये सुखाने नांदतात आणि तिन्हींत वेगवेगळी माहिती असू शकते. तुमचा एडिटर एक बदलतो, गाडीतला स्टिरिओ दुसरा वाचतो. काही प्लेयर तर एपीई दिसला की आयडीथ्रीकडे बघतच नाहीत.

लक्षण ओळखणं सोपं आहे. इंग्रजी नाव तीसाव्या अक्षराला कापल्यासारखं तुटत असेल, तर तो जुना टॅग वाचला जातोय. देवनागरीचं तर आणखी वाईट, कारण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवण्याची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे ३० बाइटांत दहा चिन्हं, तीही काना-मात्रा-वेलांट्या धरून.

यावर मी एमपीथ्री-टॅग हा टॅग एडिटर वापरतो. विंडोजवर फुकट आहे आणि या कामाला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. लिनक्सवर 'किड३' चांगला आहे. एमपीथ्री-टॅगच्या यादीत 'टॅग' नावाचा रकाना दिसू द्या. फाइलमध्ये कोणकोणते टॅग आहेत ते तिथे कंसात लिहून येतं. एकापेक्षा जास्त असतील तर 'ऑप्शन्स' › 'टॅग्ज' › 'एमपेग' इथे जा. लिहिण्यासाठी फक्त आयडीथ्री २.३ यूटीएफ-१६ (यूटीएफ-८ सारखीच दुसरी एन्कोडिंग) निवडा, काढून टाकण्यासाठी आयडीथ्री १ आणि एपीई. मग योग्य माहिती डोळ्यांनी बघून घ्या आणि टॅग काढण्याची आज्ञा देण्याआधी फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा. खरी माहिती एपीईमध्ये आणि कचरा आयडीथ्रीत, असंही कधीकधी निघतं.

आयडीथ्री २ च्या आवृत्त्यांत २.४ नवा आहे, मग २.३ का? २.४ सन २००० मध्ये आला आणि त्याने यूटीएफ-८ ची सोय केली, पण जुने स्टिरिओ, जुने फोन आणि बराच काळ खुद्द विंडोजचा एक्स्प्लोररही त्याच्याशी नीट बोलत नव्हता. २.३ यूटीएफ-१६ मध्ये देवनागरी व्यवस्थित बसते आणि वाचणारे जास्त आहेत. ज्यांच्याकडे सगळीच उपकरणं नवी आहेत त्यांनी २.४ खुशाल वापरावा. दोन्हींची सरमिसळ तेवढी करू नये.

फ्लॅकमध्ये (आवाज जराही न घटवता साठवणारा फाइलचा प्रकार) ही भानगड नाही, तिथलं टॅगिंग पहिल्यापासून यूटीएफ-८ मध्येच आहे. घरातल्या जुन्या कॅसेटी उतरवून वेव्ह फाइली करून ठेवल्या असतील, तर त्या तशाच ठेवून टॅग लावत बसू नका. वेव्हमधले टॅग कोणता प्लेयर वाचेल याचा नेम नसतो. आधी फ्लॅक करा, आवाजात काही फरक पडत नाही. कॅसेटच्या दोन बाजूंसाठी डिस्क क्रमांक एक आणि दोन वापरता येतात.

फाइल ठीक आहे, प्लेयर ऐकत नाही

फोनवरचे बहुतेक प्लेयर प्रत्येक वेळी फाइल उघडून बघत नाहीत. एकदा वाचतात, नोंद करून ठेवतात आणि पुढे त्या नोंदीवरच चालतात. फाइल बदलली आहे हे त्यांना मुख्यतः 'शेवटचा बदल' या तारखेवरून कळतं.

इथेच एक छुपा सापळा आहे. एमपीथ्री-टॅगमध्ये टॅग सेव्ह करताना फाइलची तारीख तशीच ठेवण्याचा पर्याय आहे. गाणी 'कधी आणली' या क्रमाने लावणारे लोक तो हौसेने चालू करतात. शिवाय आयडीथ्री २ मध्ये पुढच्या बदलांसाठी थोडी रिकामी जागा राखलेली असते, त्यामुळे नाव सुधारलं तरी फाइलचा आकार एका बाइटनेही बदलत नाही. म्हणजे तारीख तीच, आकार तोच. आरसिंकसारखी (बदललेल्या फाइली दुसरीकडे कॉपी करणारी) साधनं नेहमीच्या पद्धतीत हेच दोन आकडे बघतात आणि 'काही बदललेलं नाही' म्हणून फाइल सोडून देतात. तुम्ही अख्खा संग्रह सुधारलेला असतो आणि फोनवर, सर्व्हरवर सगळं जुनंच. हा पर्याय बंद करा. आधीच सुधारलेल्या फाइलींसाठी पर्याय बंद करून सगळ्या निवडा आणि पुन्हा एकदा सेव्ह करा, नवी तारीख पडेल.

फाइल पोचली तरी नोंद जुनीच असेल तर प्लेयरच्या सेटिंगमध्ये 'रीस्कॅन' असतं, आधी ते. त्याने भागलं नाही तर प्लेयरचा डेटा पुसा. अँड्रॉइडमध्ये अनेक प्लेयर 'मीडिया स्टोरेज' या सिस्टिमच्या नोंदीवर अवलंबून असतात. तिचा डेटा पुसून फोन बंद-चालू केला की नोंद नव्याने होते. याच्या आधी प्लेलिस्ट बाहेर काढून ठेवा, त्यांची खात्री नाही.

एक प्रकार मात्र असा आहे की टॅग खरोखरच मागे जातो. काही प्लेयर इंटरनेटवरून माहिती आणून तुमच्या माहितीवर लिहितात. जुन्या विंडोज मीडिया प्लेयरमध्ये हा पर्याय 'लायब्ररी' टॅबमध्ये असतो: फक्त रिकाम्या जागा भरायच्या की सगळंच बदलायचं. सगळंच बदलायला सांगितलेलं असेल तर तुमच्या कष्टांवर पाणी पडणारच. तो पर्याय पूर्ण बंद ठेवलेला बरा.

म्यूझिकब्रेन्झ या इंटरनेटवरच्या माहितीसाठ्यातून टॅग भरणारा पिकार्ड हा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी 'स्कॅन' जपून वापरावं. ते आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतं, पण तेच ध्वनिमुद्रण पाच-सहा संकलनांत असेल तर एका अल्बमची गाणी वेगवेगळ्या संकलनांत वाटून टाकतं. आधी 'क्लस्टर' (गाण्यांचे अल्बमवार गट), मग 'लुकअप' (त्या गटाचा शोध) केलं तर अल्बम एकत्र राहतो. जुन्या मराठी गाण्यांच्या बाबतीत तसंही बरंच काही हातानेच भरावं लागतं.

चौकोन, प्रश्नचिन्हं आणि टोपीवाला 'ए'

मराठी अक्षरं बिघडतात ती तीन तऱ्हांनी, आणि तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत.

रिकामे चौकोन दिसत असतील तर टॅगला हात लावू नका. माहिती बरोबर आहे, त्या उपकरणाकडे देवनागरी फॉन्ट नाही, एवढंच. गाडीतल्या स्टिरिओत हे हमखास होतं.

प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल आणि ती प्रत्येक प्रोग्राममध्ये दिसत असेल, तर नाव गेलं. कोणीतरी देवनागरी मजकूर लॅटिन लिपीपुरत्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केला आणि न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडलं. ते परत आणणारं कोणतंही साधन नाही. फाइलच्या नावात गाण्याचं नाव असेल तर एमपीथ्री-टॅगच्या 'कन्व्हर्ट' मेनूतून ते टॅगमध्ये ओढता येतं. नसेल तर ऐकून भरायचं.

तिसरा प्रकार दिसायला सगळ्यात भयंकर, पण सुटण्यासारखा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी लहान 'ए', त्यामागे चलनाचं गोलसर चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी एखादं अक्षर, आणि हेच तिघं पुन्हापुन्हा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये एकाच बाइटने सुरू होतं आणि दुसरा बाइटही दोनांपैकी एक असतो. ते बाइट लॅटिन समजून वाचले की हे त्रिकूट उमटतं. अक्षरं हरवलेली नाहीत, चुकीच्या चष्म्यातून वाचली जाताहेत. पायथन भाषेतल्या म्यूटाजेन या टॅग हाताळणाऱ्या साधनाबरोबर 'मिड३-आयकॉन्व्ह' नावाची आज्ञा येते. तिला मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं सांगायचं, आधी 'ड्राय-रन' (फाइल न बदलता नुसती चाचणी) करून काय होणार ते बघायचं, मग खरी चालवायची. फोल्डरच्या फोल्डर एका दमात नीट होतात.

सुधारल्यावर जोडाक्षरं आणि उकार बारकाईने बघा. विंडोजच्या जुन्या लॅटिन तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत आणि दुर्दैवाने आपला हलंत, ऱ्हस्व उकार, 'ए', 'ऐ' आणि 'झ' यांचे शेवटचे बाइट नेमके त्या जागांवर येतात. मधल्या एखाद्या प्रोग्रामने ते गाळले असतील तर नेमकी हीच अक्षरं सुधारणार नाहीत. ती हाताने भरायची.

दिसायला एक, आतून दोन

आता खास मराठी दुखणं. यादीत एकच गाणं, एकच गायक दोनदा दिसतो, शुद्धलेखन तंतोतंत सारखं, तरी प्लेयर त्यांना वेगळे धरतो. शोधात एक सापडतो, दुसरा नाही.

'वाऱ्यावर' हा शब्द घ्या. यातला अर्धा 'ऱ' दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) 'ऱ' आणि हलंत असतो; दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. कोणता कीबोर्ड काय उमटवेल ते त्याच्यावर. डोळ्याला फरक शून्य, संगणकाला दोन वेगळे शब्द. वाऱ्याची, ताऱ्यांची आणि दऱ्याखोऱ्यांची गाणी मराठीत काही कमी नाहीत, त्यामुळे हे सारखं भेटतं. उपाय म्हणजे एकच पद्धत ठरवा (मी नुक्त्याचा 'ऱ' ठेवतो), चुकीचा शब्द टॅगमधूनच कॉपी करा आणि 'ॲक्शन्स'मधल्या 'रिप्लेस'मध्ये टाकून नव्याने टाइप केलेल्या शब्दाने बदला. 'अदृश्य अक्षरं काढून टाका' असं बटण कुठे दिसलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका. जोडचिन्ह गेलं की 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं.

'ॲ'चंही तसंच. तो एका चिन्हाने लिहिता येतो आणि 'अ'वर चंद्र देऊनही. शिवाय एका चिन्हाचा 'ॲ' यूनिकोडच्या तक्त्यात 'ह'च्याही पुढे आहे, म्हणून साध्या क्रमवारीत 'ॲ'ने सुरू होणारं नाव यादीच्या तळाशी जातं. ते हरवलेलं नसतं.

बाकी चुका डोळ्यांना दिसणाऱ्या. हृदयनाथ मंगेशकरांच्या नावातला 'हृ' अनेक फाइलींत 'ह्र' केलेला असतो. ग. दि. माडगूळकर हे ठिपक्यांनंतर जागा सोडून, न सोडता, ऱ्हस्व 'गु'ने आणि नुसतं 'गदिमा' असे चार ठिकाणी सापडतात. भीमसेन जोशी कधी 'पं.' लावून, कधी 'पंडित', कधी काहीच नाही. माझं मत विचाराल तर टॅगमध्ये उपाधी नको. आदर ऐकताना असतोच, आणि 'पं.' लावला की सगळे पंडित 'प'खाली जमा होतात.

अल्बमचे तुकडे

याचं एकच कारण शेकडा नव्वद वेळा: 'अल्बम आर्टिस्ट' हा रकाना रिकामा. तो रिकामा असला की प्लेयर प्रत्येक गाण्याच्या गायकावरून अल्बम ठरवतो, आणि युगुलगीत आलं की नवा तुकडा पडतो. गायक वेगवेगळे असू द्या, अल्बम आर्टिस्ट मात्र सगळ्या गाण्यांना अक्षरशः एकच हवा. संकलनाला मी 'विविध गायक' लिहितो. उलटाही घोळ होतो. 'भक्तिगीते' किंवा 'नाट्यगीते' एवढंच नाव असलेले तीन गायकांचे तीन अल्बम एकमेकांत मिसळतात. त्यांनाही प्रत्येकी अल्बम आर्टिस्ट दिला की ते वेगळे होतात.

गीतरामायण हे यासाठी उत्तम परीक्षेचं उदाहरण आहे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही ५६ गाण्यांची मालिका. आकाशवाणीवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांनी ती गायली. पुढे ध्वनिमुद्रिकांत सगळी गाणी सुधीर फडक्यांच्या आवाजात आली. दोन्हींतलं काही तुमच्याकडे असेल तर ते दोन वेगळे अल्बम ठेवा. गायकाच्या रकान्यात त्या त्या गाण्याचा गायक, संगीतकाराच्या रकान्यात फडके, गीतकाराच्या रकान्यात माडगूळकर. विकतच्या किंवा उतरवलेल्या फाइलींत बऱ्याचदा संगीतकारालाच गायक केलेलं असतं, ते बघून घ्या.

क्रम तर फारच महत्त्वाचा. क्रमांक नसतील आणि नावांनी लावलं, तर शेवटचं 'गा बाळांनो, श्री रामायण' बरंच वर येतं आणि पहिलं 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' तळाकडे जातं. कॅसेट किंवा सीडीच्या भागांप्रमाणे प्रत्येक भागात एकपासून क्रमांक दिले आणि प्लेयरने डिस्क क्रमांक बघितला नाही, तर सगळ्या भागांतलं पहिलं गाणं ओळीने वाजतं, मग सगळी दुसरी. म्हणून अशा सलग रचनेला मी भाग विसरून एक ते छप्पन असे सरळ क्रमांक देतो. एमपीथ्री-टॅगच्या 'ऑटो-नंबरिंग'ने ते एका झटक्यात होतं.

ट्रॅक क्रमांक आणि वर्ष इंग्रजी आकड्यांतच लिहा. देवनागरी आकडे दिसायला छान, पण बहुतेक प्लेयर त्यांना आकडा मानत नाहीत.

डाउनलोड केलेल्या फाइलींत नावामागे, अल्बममागे, टिप्पणीत आणि कव्हरवरही कुठल्या तरी संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असतो. 'रिप्लेस'ने तो सगळीकडून एकदम काढा. कव्हर पाच-सहाशे पिक्सेलचं साधं जेपेग पुरे; 'प्रोग्रेसिव्ह' जेपेग काही स्टिरिओंना दिसतच नाही.

गाडीसाठी

गाडीचा स्टिरिओ हा वेगळाच प्राणी आहे. देवनागरी दाखवत नसेल तर मूळ संग्रह त्याच्यासाठी रोमनमध्ये बदलू नका. पेनड्राइव्हवर वेगळी प्रत करा आणि फक्त तिचे टॅग रोमन करा. पेनड्राइव्ह फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट केलेला असू द्या. टॅग, क्रमांक सगळं बरोबर असूनही गाणी उलटसुलट वाजत असतील तर तो स्टिरिओ टॅग बघतच नाही, ज्या क्रमाने फाइली कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतो. फाइलींच्या नावापुढे दोन अंकी क्रमांक लावा. विंडोजवर 'ड्राइव्हसॉर्ट', लिनक्सवर 'फॅटसॉर्ट' पेनड्राइव्हवरचा हा आतला क्रम नावांप्रमाणे लावून देतात. नवी गाणी टाकली की ते पुन्हा चालवावं लागतं.